उजव्या कौलाचे दाजी

दाजी मालंडकरांनी कुणाला ‘नाही’ म्हटल्याचं टेंबवाडीत कुणाला आठवत नाही. मसुऱ्याहून खाडीच्या कडेकडेनं खाली उतरलं की समुद्राला टेकलेली ही वाडी. तिथं जाऊन खुशाल कुणालाही विचारा. शिडी हवी, दाजींकडे जा. मांडव घालायला हात कमी पडतोय, दाजींना हाक मारा. एकदा एक परका माणूस वाट चुकून त्यांच्या अंगणात आला आणि “हेच ना पेडणेकरांचं घर?” म्हणाला. दारात आलेल्या माणसाला तोंडघशी पाडणं दाजींच्या जिवावर आलं. “व्हय, बसा,” म्हणून त्यांनी त्याला चहा पाजला, आणि मग चपला घालून पेडणेकरांच्या दारापर्यंत पोचवून आले.

गावात त्यांचा मान होता तो गाऱ्हाण्याचा. इकडे नवं काही करायचं म्हटलं की आधी नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणं घालतात. एकानं मोठ्या आवाजात देवाला सांगायचं, आणि त्याचं वाक्य संपलं की जमलेल्यांनी हात जोडून, डोळे मिटून म्हणायचं, “व्हय म्हाराजा!” ऐकायला सोपं वाटतं. पण देवाशी बोलणं म्हणजे मामलेदाराशी बोलण्यासारखं आहे; कमी बोललात तर काम होत नाही, जास्त बोललात तर चिडतो. दाजींना ते माप बरोबर जमायचं. देह शिडशिडीत, वय सत्तरीला टेकलेलं, पण आवाज असा की गाऱ्हाणं सुरू झालं की खाडीपलीकडची कुत्रीसुद्धा भुंकायची थांबत.

देवळात कौल लावायचा झाला तरी गाऱ्हाणं दाजींचंच. देवीच्या पाषाणावर ओल्या कळ्या चिकटवायच्या, प्रश्न विचारायचा आणि वाट बघायची. उजवीकडची कळी पडली तर देवीचा होकार, डावीकडची पडली तर नकार. कळ्या लावायचं काम गुरवाचं. पण डावी पडली की दाजींचा चेहरा असा उतरायचा, जणू नकार त्यांनीच दिला. विचारणारा बिचारा जायला उठे, तर दाजी त्याला दंडाला धरून खाली बसवत आणि देवीला म्हणत, “बाय माझे, लेकराचा बोलणा चुकला असात. परत एकदा बघ.” गुरव कपाळाला हात लावी आणि पुन्हा कळ्या चिकटवी. उजवा कौल मिळाल्याशिवाय दाजी देवळाची पायरी उतरत नसत. जो माणूस प्रत्यक्ष देवीचा नकार चालवून घेत नाही, तो स्वतः कुणाला नकार कसा देणार?

ही सगळी कसर देवानं त्यांच्या बायकोत भरून काढली होती. राधाबाईंचा पहिला शब्द ‘नाय’. काजूचा व्यापारी पायरीशी येऊन अजून तोंड उघडायचाय, तोवर आतून ‘नाय’. विमेवाला आला, ‘नाय’. मतं मागायला उमेदवार आला, त्यालाही ‘नाय’, आणि तो तर त्यांचा मावसभाऊ होता. चहा घेणार का म्हणून विचारलं तरी राधाबाई आधी ‘नाय’ म्हणायच्या आणि मग कप उचलायच्या. हा ‘व्हय’ आणि ही ‘नाय’ एका छपराखाली जन्मभर गुण्यागोविंदानं नांदली, त्याचं कारण एवढंच की दोघांच्याही शब्दाला कुणी किंमत देत नसे. जे न मागता मिळतं त्याची किंमत करतो कोण?

किंमत दिली ती एकट्या सुदेशनं, त्यांच्या झिलानं, आणि तिथंच सगळा घोळ झाला. सुदेश मालवाहू बोटीवर कुक होता. कॉन्ट्रॅक्ट संपलं की घर, असा साधा हिशेब. पण गेल्या दोन्ही खेपांना कॉन्ट्रॅक्ट संपत आलं की कंपनी म्हणे, आणखी तीन महिने थांब. मग सुदेश कुठल्यातरी बंदरातून फोन लावून बापाला विचारी, “बाबा, घेव काय?” दाजींना म्हणायचं असे, ‘घराक ये.’ पण पोरगा विचारतोय, त्याच्या वाटेत आडवं कसं जायचं? “घे रे झिला, बरा जांव तुझा,” असं म्हणून ते मोकळे होत आणि मग दोन दिवस पानावरून अर्धवट उठत. राधाबाई मागून “नाय म्हणा, नाय म्हणा,” असं ओरडत असत, पण आई चहालाही नाय म्हणते हे सुदेशला पाळण्यात असल्यापासून ठाऊक.

अशा दोन चवथी त्याच्यावाचून गेल्या. चवथ म्हणजे गणपती. कोकणातला माणूस एक वेळ स्वतःच्या लग्नाला उशिरा जाईल, पण चवथीला घरी पोचेल. सुदेश दोन्ही वेळा आला तेव्हा गणपतींचं विसर्जन होऊन गावोगावच्या जत्रा सुरू झाल्या होत्या. मालंडकरांचा गणपती दोन्ही वर्षं शेजारच्या गुरुप्रसादनं डोक्यावरून आणला, आणि तेव्हा दाजी हसतमुखानं पुढं चालत होते असं लोक सांगतात. ते खोटं आहे. दाजींना तेव्हा समोरची वाट दिसत नव्हती.

मागच्या खेपेला येताना सुदेशनं बापासाठी स्मार्टफोन आणला. “आता माझा नुसतो आवाज नाय, तोंडपण दिसात,” म्हणाला. दिसलं. राधाबाईंनी पडद्यावर लेकाला बघून पहिला प्रश्न केला, “बारीक कित्याक झालंस?” आणि पदर डोळ्याला लावला. तेव्हापासून फोनचा मुक्काम दाजींच्या शर्टाच्या खिशात, छातीशी.

सुरुवातीचे दिवस बरे गेले. दाजी त्यावर पंचांग बघत, भजनं ऐकत, भरती कधी, ओहोटी कधी ते वाडीला सांगत. मात्र कुठंही गेलं की एक चौकोन वर येई आणि इंग्रजीत काहीतरी विचारी. दाजींना इंग्रजीचा गंध नव्हता. पण चौकोनाच्या खाली दोन शब्द असत, एक डावीकडे, एक उजवीकडे, एवढं त्यांना दिसे. कुणीतरी काहीतरी मागतोय आणि उत्तर एक तर डावं आहे नाही तर उजवं. ही भाषा त्यांना कुणी शिकवायला नको होती. अंगठा आपसूक उजवीकडे पडे.

आणि मग पाहुणे यायला लागले. आधी एकटाच आला. “अभिनंदन! आपली निवड झाली आहे!” कशासाठी ते न बघता दाजींना आनंद झाला आणि त्यांनी राधाबाईंना हाक मारून सांगितलं. राधाबाई आतूनच म्हणाल्या, “तुमची निवड माझ्या बापाशीन केल्यान, ती एक पुरे झाली.” मागोमाग गुडघेदुखीचं तेल आलं, रमी आली, रुसलेल्या माणसाला वश करून देणारा ज्योतिषी आला. एक लाल त्रिकोण आला, तो बोंबलून सांगायचा की तुमच्या फोनात विषाणू शिरले आहेत. दाजींनी तातडीनं कडुलिंबाचा पाला उकळला आणि त्या पाण्याचा बोळा फोनवरून फिरवला. पंचांग उघडावं तर तिथीच्या जागी कुणाचं तरी टक्कल. भजन लावावं तर पहिलं कडवं विठ्ठलाचं आणि दुसरं गंजीफ्रॉकचं. दाजी प्रत्येकाला माणसासारखं उत्तर देत. “माका नको हा बाबा, माझे गुडघे बरे आसत,” असं म्हणत आणि पुन्हा उजवीकडे दाबत.

“वरच्या कोपऱ्यात फुली आसता, ती दाबा,” असं गुरुप्रसादनं शिकवलं. दाजींनी दाबली. ती फुलीही ढोंगी निघाली. दाबली की जाहिरात मिटायच्या ऐवजी अंग पसरून बसे. मालवणच्या बाजारात एका दुकानदारानं फोन साफ करणारं म्हणून एक ॲप टाकून दिलं. उंदीर मारायला मांजर आणावं आणि त्यानं घरातलं दूधच संपवावं, तशातली गत झाली. त्या ॲपच्या स्वतःच्याच जाहिराती इतक्या, की बाकीच्यांना जागा मिळेना.

इथवर सगळं घरातल्या घरात होतं. बभ्रा झाला तो नारळी पौर्णिमेला.

गुरुप्रसादनं नवी होडी बांधली होती आणि त्या दिवशी ती पाण्यात ढकलायची होती. किनाऱ्यावर अख्खी वाडी लोटली. होडीला झेंडूची माळ, पुढं नारळ, बाजूला नवी कोरी पांढरी टोपी घालून गुरुप्रसाद. चाळिशी यायच्या आत त्याच्या डोक्यावरच्या केसांना ओहोटी लागली होती, आणि तो विषय त्याच्यासमोर काढायचा नाही, हे वाडीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. दाजींनी नारळावर हात ठेवला. लोकांनी डोळे मिटले.

“बा समुद्रा म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“आज ह्या गुरुप्रसादान नवी होडी बांधल्यान आसा, ती तुझ्या पायाकडे आणल्यान आसा!”

“व्हय म्हाराजा!”

“तिका वारो, वादळ, वाकडी नजर, काय एक लागूक देव नको!”

“व्हय म्हाराजा!”

दाजी रंगात आले होते. इथं थांबून दम घ्यायचा आणि मग मोठं मागणं मागायचं, ही त्यांची पद्धत. ते दम घ्यायला थांबले. नेमक्या त्या फटीत त्यांच्या छातीवरून एक बाई गोड, ठणठणीत आवाजात म्हणाली,

“तुमचे केस झपाट्याने गळत आहेत का?”

“व्हय म्हाराजा!” अख्ख्या वाडीनं डोळे मिटून, मनापासून कबुली दिली.

“टक्कल लपवून लपवून कंटाळलात?”

“व्हय म्हाराजा!”

“मग आजच आपली बाटली मागवा!”

“व्हय म्हाराजा!” ही आरोळी तर सगळ्यांत मोठी उठली, कारण बाटलीचं नाव काढल्यावर मागच्या रांगेतलेही जागे झाले.

दाजी दोन्ही हातांनी खिशावर थापा मारत होते, पण बाई काही आवरेना. ती आता सवलतीवर आली होती. लोकांनी डोळे उघडले. सगळ्यांनी आधी समुद्राकडे बघितलं, मग दाजींच्या खिशाकडे, आणि मग, मनात नसताना, गुरुप्रसादच्या टोपीकडे. कुणीतरी खुसकन हसलं आणि बांध फुटला. होडी ढकलायला आलेले बाप्ये वाळूत बसून पोट धरून हसत होते. ऐंशीच्या आनंदीबाई तेवढ्या हसल्या नाहीत. गाऱ्हाण्यात आलं म्हणजे ते खरंच असणार, अशी त्यांची श्रद्धा. “दाजी, ता त्याल खंय गावता रे?” असं विचारत त्या दाजींच्या मागं लागल्या.

गुरुप्रसाद मात्र लाल झाला होता. “दाजीनू,” तो म्हणाला, “पुढच्या खेपेक फोन घराक ठेवन येवा. नायतर गाऱ्हाणा दुसऱ्या कोणाक तरी सांगूचा लागात.”

असं आजवर दाजींना कुणी म्हटलं नव्हतं. ते मान खाली घालून घरी आले, खिशातला फोन काढला आणि तांदळाच्या पिंपात कोपरापर्यंत हात घालून खोल पुरला. “ऱ्हव थंय,” म्हणाले. संध्याकाळी पिंपातून दबका गुणगुणता आवाज आला. ती केसवालीच असणार, म्हणून दाजींनी झाकणावर पाटा ठेवला.

दुसऱ्या दिवशी पेजेचे तांदूळ काढताना राधाबाईंच्या हाताला फोन लागला. सुदेशचे तीन फोन येऊन गेले होते, आणि त्याचा आवाजातला निरोप होता. तो ऐकायच्या आधी नवरा-बायकोला एक रमी आणि एक ज्योतिषी ओलांडावा लागला.

“बाबा, फोन कित्याक उचलूक नाय?” सुदेश म्हणत होता. “कंपनी परत इचारता, आणखी तीन महिने ऱ्हवतंस काय म्हणान. चवथ जातली. आयतवारी आमी बंदरात पोचतलंव, तेव्हा फोन करतंय. कप्तानाक तेव्हाच काय ता सांगूचा लागतला. तुमी काय म्हणतास ता बघून ठरवया.”

राधाबाईंनी फोन पदरानं पुसला. तांदळाची भुकटी निघाली. मग त्यांनी नवऱ्याकडे बघितलं. “आयतवारी माझ्या झिलाच्या तोंडाआड जर ती केसवाली इली,” त्या शांतपणे म्हणाल्या, “तर तो फोन आणि तुमी, दोघांकय खाडीत घालतलंय.”

दाजी मसुऱ्याच्या बाजारात शर्मिलाकडे गेले. शर्मिलाचं झेरॉक्स आणि रिचार्जचं दुकान. बाई पन्नाशीची, तोंडानं फटकळ, पण फोनची नाडी जाणणारी. तिनं फोन हातात घेतला, वर-खाली केला आणि तोंडावर हात ठेवला.

“शिरा पडो! दाजीनू, ह्या फोन आसा की जत्रा?”

“कोणीतरी मुद्दाम घातल्यान गो,” दाजी म्हणाले. “माझ्यार कोणाचो तरी डोळो आसा.”

“कोणी घालूक नाय. बळजबरीन कोण घुसूक पण नाय. ह्या परत्येकान तुमका इचारल्यान, ‘येव काय?’ आणि तुमी परत्येकाक ‘ये’ म्हटलास.” तिनं फोन त्यांच्याकडे वळवला. एक चौकोन वर आला होता. “ह्या बघा. डाव्या हाताक ‘नको’. उजव्या हाताक ‘चलात’. आता तुमी खंय दाबतास ता दाखवा बघू.”

दाजींनी उजवीकडे दाबलं.

“कित्याक?”

“उजवो कौल गो,” दाजी म्हणाले. “उजवो म्हंजे बरो.”

शर्मिला इतकी हसली की झेरॉक्सला आलेल्या माणसाचे कागद तिच्या हातून उलटे गेले. हसून झाल्यावर तिनं बैठक मारली आणि एकेक पाहुणा बाहेर काढला. ज्यांना दाजींनी आपणहून आणलं नव्हतं ती ॲपं काढली, ज्यांना ज्यांना केव्हाही येऊन बोलायची परवानगी दिली होती त्या सगळ्यांची परवानगी बंद केली, आणि साफसफाईवालं मांजरही हाकललं. वर बजावलं: अनोळखी चौकोनाला डावं दाबायचं, फुली फसवी वाटली तर तिला हात न लावता मागं फिरायचं, आणि ‘अभिनंदन’ म्हणणाऱ्याचं तोंडसुद्धा बघायचं नाही.

“पण दाजीनू, पुढचा माझ्या हातात नाय,” ती म्हणाली. “परत व्हय म्हटलास, तर परत येतली.”

परत आल्या. दाजी एसटीनं घरी पोचायच्या आत दोन जाहिराती परत आल्या होत्या. खिडकीशी बसून त्यांनी सहज पंचांग उघडलं, चौकोन आला, आणि जन्मभर उजवीकडे वळलेला अंगठा शर्मिलाचं एका दुपारचं व्याख्यान विसरला.

तेव्हा राधाबाईंनी कंबर कसली. नवऱ्याला पडवीत बसवलं, शेजारी आपण बसल्या आणि हातात केरसुणीतला एक लांब हीर घेतला. चौकोन आला की त्या ओरडत, “डावी!” अंगठा उजवीकडे कलला की हीर सपकन बसे. दाजी कळवळत, पण हिरानं नव्हे.

“त्याका वाईट वाटतला गो.”

“कोणाक?”

“इचारता तेका.”

“तेका तोंड आसा?”

“आसताला खंयतरी.”

“मगे त्या तोंडार दाबा डावी!”

सकाळ अशीच गेली. जेवणाच्या वेळेला कधीतरी दाजींनी डोळे गच्च मिटले, “माफ कर हा,” असं पुटपुटले आणि अंगठा डावीकडे टेकवला. डोळे उघडले तर चौकोन गेला होता. छप्पर कोसळलं नव्हतं. कुणी रडत नव्हतं. चौकोनाच्या मागून पंचांग निघालं होतं आणि त्यात तिथीच्या जागी तिथी होती. दाजी कितीतरी वेळ बघत राहिले. इतक्या वयात त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं की नाही म्हटल्यावरही जग जागच्या जागी राहतं.

पुढचे दोन-तीन दिवस मग वाडीला जड गेले. हाती नवं हत्यार आलेल्या माणसाला समोर सगळी लाकडंच दिसतात. गुरुप्रसाद शिडी मागायला आला, दाजी म्हणाले, “नाय.” गुरुप्रसादनं वाकून आत बघितलं, आवाज राधाबाईंचा होता की काय म्हणून. देवळात एकाची डावी कळी पडली, तेव्हा गुरव सवयीनं नव्या कळ्या भिजवायला लागला, तर दाजींनी त्याचा हात धरला आणि विचारणाऱ्याला सांगितलं, “देवीन काय ता सांगल्यान. चल, घराक जा.” गुरवानं समाधानानं असा सुस्कारा सोडला की समई फडफडली. घरी राधाबाईंनी विचारलं, “भात वाढू?” दाजी म्हणाले, “नाय,” आणि राधाबाईंनी ते खरं धरल्यामुळे उपाशी उठले.

पण रविवार जवळ आला तसं हे अवसान गळायला लागलं. फोन आता लख्ख होता. शर्मिलाला दाखवून आणला तर तिनंही पाठ थोपटली. चौकोनाला नाही म्हणणं वेगळं, पोटच्या पोराला म्हणणं वेगळं. पोराचं पुढं जायचं वय, आपण दोघं पिकली पानं. त्याच्या वाटेत धोंडा होऊन पडायचं का? दाजींना खरं तर एवढंच हवं होतं, की या वर्षी गणपती सुदेशच्या डोक्यावरून घरात यावा. ते त्यांनी कुणाजवळ बोलून दाखवलं नव्हतं. राधाबाईंजवळही नाही.

रविवारी सकाळपासून फोन पडवीत तांब्याला टेकवून उभा केलेला. राधाबाईंनी ठेवणीतलं पातळ नेसलं होतं. ऊन अंगणातून पडवीच्या पायरीवर चढलं तेव्हा फोन वाजला. सुदेशचं तोंड आलं, पूर्ण, कानापासून कानापर्यंत, मधे ना तेल ना रमी. मागं स्वयंपाकाची मोठमोठी भांडी टांगलेली.

“आये, आधीच सांगतंय, बारीक झालंय नाय,” तो म्हणाला. मग खाकरला. “बाबा, कप्तान भायर उभो आसा. तीन महिने म्हणतत. घेव काय?”

दाजींचं तोंड उघडलं. जिभेवर ‘घे’ तयार होता. कित्येक वर्षांचा मुरलेला, नुसता सोडायचा. त्यांनी बायकोकडे बघितलं. मागून ओरडणाऱ्या राधाबाई आज ओरडत नव्हत्या. दोन्ही हातांनी पातळाचा काठ धरून त्या नुसत्या नवऱ्याच्या तोंडाकडे बघत होत्या. त्यांना भीती वाटत होती. राधाबाईंना भीती वाटताना दाजी पहिल्यांदाच बघत होते.

“नको,” दाजी म्हणाले.

इतकं हळू, की सुदेश म्हणाला, “काय? आयकाक येणा नाय.”

“नको रे झिला!” आता आवाज उठला, खाडीपलीकडे जाणारा तो आवाज. “नको घेव. माका नको आसा. तू घराक ये. तुझ्याशिवाय गणपती आणूक आता माका जमणा नाय. दोन वर्सां आणलो, पण जमाक नाय रे.”

पडद्यावर सुदेशचं तोंड हलेना म्हणून राधाबाईंना वाटलं रेंज गेली. दाजींना वाटलं, पोराचं मन मोडलं. आयुष्यात एकदा मनापासून नकार दिला, तोही नेमका पोटच्या पोराला. मग सुदेशनं मान वळवली आणि एप्रनच्या टोकानं डोळे पुसले.

“बाबा, ह्या माका आधी कित्याक सांगलास नाय?” तो म्हणाला. “मी दर खेपेक इचारी होतंय, ता तुमी नको म्हणशात म्हणान. कंपनीक नाय म्हणाक माका काय तुमका इचारूचा लागता? पण तुमी लगेच ‘घे’ म्हणाचास. माका वाटला, ह्यांका माझी काय गरज नाय.”

दाजी फोनकडे तोंड करून नुसती मान हलवत राहिले, उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे.

“आता सांगतंय जावन कप्तानाक,” सुदेश म्हणाला. “चवथीच्या आदल्या दिवसापर्यंत पोचतंय. आये, खापरोळी कर.” आणि तोंड गेलं. पडद्यावर पंचांग तेवढं राहिलं.

समोरच्या पाणंदीतून आनंदीबाई काठी टेकत चालल्या होत्या, त्या थांबून बघायला लागल्या.

“गो,” दाजी म्हणाले, “माका रडाक येता.”

“रडा,” राधाबाई म्हणाल्या. “मी पण रडतंय.”

आणि दोन वर्षांचं तुंबलेलं ते दोघांनी पायरीवर बसून, भर उन्हात, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या समोर मोकळं केलं.